समुद्रावरील अद्भुत आणि मराठी कादंबरी

चांचे, पुरलेले खजिने, निर्जन बेटें आणि वादळांत सांपडलेलीं जहाजें ह्यांच्या कथा मुलांनीं उन्हाळ्याच्या सुटींत वाचाव्या आणि शाळा उघडतांच विसरून जाव्या, अशी आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून सर्वसाधारण समजूत आहे. वडील माणसें अशा पुस्तकांवर रागावत नाहींत. तीं त्यांना हिशेबांतच धरीत नाहींत. टीकाकारांचें वर्तनहि ह्याहून निराळें नाहीं. सामाजिक कादंबरीवर पानेंच्या पानें लिहिलीं जातात. समुद्रकथेच्या वांट्यास आली तर पोंच येते. आम्हांस ही उपेक्षा अन्यायाची वाटते, आणि महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर ती महागातहि पडली आहे. कारण ह्या कथांच्या मुळाशीं जो प्रश्न आहे, म्हणजे लुटारू कोणास म्हणावें आणि तें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, तो आपल्या इतिहासाच्या अगदीं जिव्हारीं लागलेला आहे. आणि त्याचें उत्तर आपल्या वतीनें बराच काळ दुसऱ्यांनींच देऊन ठेविलें आहे.

किनारा दिसेनासा झाला म्हणजे राजा, न्यायाधीश, सावकार आणि भाऊबंद हे सर्व मागें राहतात. जहाज हेंच एक लहानसें राज्य होतें व त्याचे कायदे त्यावरील माणसांसच करावे लागतात. स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’चें (१८८३) सामर्थ्य नकाशांत किंवा सोन्यांत नाहीं, एका पायाच्या त्या सिल्व्हरवर लोभ करावा कीं त्याचा तिटकारा करावा, हें जिम हॉकिन्सला शेवटपर्यंत ठरवितां येत नाहीं, ह्यांत आहे. चांचा हा निव्वळ दुष्ट असता तर हा कथाप्रकार केव्हांच मेला असता.

आपल्या पूर्वजांना हें अद्भुत अपरिचित नव्हतें. ‘कथासरित्सागरां’तील शक्तिदेव कनकपुरीच्या शोधांत निघतो, त्याचें गलबत फुटतें, त्यास मत्स्य गिळतो, आणि पुढें निषादांचा राजा सत्यव्रत त्याला घेऊन निघतो, तेव्हां जहाज वडवामुखाच्या भोंवऱ्यांत ओढलें जातें. भोंवऱ्यावर वटवृक्षाच्या फांद्या लोंबत आहेत. सत्यव्रत शक्तिदेवाला फांदी धरावयास सांगतो व आपण जहाजासह खालीं जातो. तांडेलानें उतारूसाठीं दिलेला हा प्राण सोमदेवानें कसलाहि गाजावाजा न करितां सांगितला आहे. दण्डीच्या ‘दशकुमारचरितां’तील मित्रगुप्ताची कथा तर सरळ सरळ समुद्रावरील लढाईची आहे. समुद्रांत फेंकलेल्या त्या कुमारास यवनांचें जहाज उचलून घेतें, त्यावर दुसऱ्या नौका चाल करून येतात, आणि बेड्या तोडण्याच्या अटीवर मित्रगुप्त यवनांच्या बाजूनें लढून शत्रूच्या नौकेवर उडी घेतो. जातकांतील सुप्पारक हा आंधळा कर्णधार आपल्या सोपाऱ्याच्याच नांवाचा. पाण्याचा रंग साथीदारांकडून ऐकून आपण कोणत्या समुद्रांत आलों हें तो ओळखतो. अशी परंपरा असतां मध्यंतरीं समुद्रयान निषिद्ध ठरलें. सिंधुबंदीनें व्यापार किती बुडाला ह्याचा हिशेब अर्थशास्त्र्यांनीं करावा; कल्पनेचें मात्र अपरिमित नुकसान झालें. समुद्र कोळी, भंडारी, गाबीत, खारवी ह्यांच्याकडे राहिला व लेखणी दुसऱ्यांच्या हातीं राहिली. ह्या दोघांची गांठ पुढें क्वचितच पडली.

म्हणून एकोणिसाव्या शतकांत मराठी कादंबरी जन्मास आली ती जमिनीवरच. हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) व रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) ह्यांत अद्भुताला तोटा नाहीं. परंतु तें अद्भुत रानांतलें व राजवाड्यांतलें आहे. समुद्र आला तो कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं आरंभिलेल्या अरबी गोष्टींच्या भाषांतरांतून, सिंदबादच्या बोटाला धरून. म्हणजे तोहि पाहुणाच. नाथमाधवांना ह्या कामास लागणारी प्रतिभा निःसंशय होती. सिंहगडाच्या कड्यावरून कोसळून जन्माचे पंगू झालेल्या त्या माणसानें ‘वीरधवल’सारखी अद्भुतरम्य कादंबरी लिहून एका सबंध पिढीची झोंप उडविली. त्यांच्याहि कल्पनेचा ओढा मात्र डोंगर, भुयारें आणि किल्ले ह्यांच्याचकडे अधिक.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. आपण समुद्रावर कादंबऱ्या लिहीत नव्हतों त्या काळांत आपल्याविषयीं मात्र त्या लिहिल्या जात होत्या. कान्होजी आंग्रे १७२९ मध्यें वारले. त्यानंतर आठच वर्षांनीं, १७३७ मध्यें, क्लेमंट डाउनिंग नांवाच्या आरमारी इंग्रजानें हिंदुस्थानांतील लढायांचा एक वृत्तांत लंडनांत छापला व त्याच्या शीर्षकांतच ‘चांचा अँग्रिया’ असे शब्द घातले. आंग्र्यांचा ‘अँग्रिया’ झाला तो असा. हर्बर्ट स्ट्रँग ह्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या ‘इन क्लाइव्ह्ज कमांड’ (१९०६) ह्या मुलांच्या कादंबरींत इंग्रज नायक घेरियास, म्हणजे आपल्या विजयदुर्गास, ह्या अँग्रियाच्या कैदेंत पडतो व तेथून मोठ्या हिकमतीनें पळतो. कादंबरी बेतानें रचलेली आहे. पलायनाचा भाग खरोखरच चांगला आहे. परंतु तींतील अँग्रियाला आई नाहीं, धनी नाहीं, देव नाहीं. नायकाला पळतां यावें एवढ्यासाठींच तो किल्ल्यांत बसला आहे. २००७ सालीं ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ह्या चित्रपटमालिकेच्या तिसऱ्या भागांत हिंदी महासागराचा चांचेराजा म्हणून ‘श्री संभाजी अँग्रिया’ अवतरला. कान्होजींचे पुत्र संभाजी आंग्रे १७४२ पर्यंत विजयदुर्गावर नांदत होते. त्यांचें नांव, पुढें ‘श्री’ लावून, असें वापरलें गेलें. त्या पात्राच्या वतीनें त्याचे हुजरेच बोलतात. लेखकांस हा विनोद वाटला असेल. आम्हांस तो अनवधानानें निघालेला खरा उद्गार वाटतो, कारण आंग्र्यांच्या वतीनें अडीचशें वर्षें दुसरेच बोलत आले आहेत.

सर्वच परकीयांनीं असें केलें असें मात्र नाहीं, आणि हा भेद टीकाकारानें दाखविलाच पाहिजे. ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन नीमोस मराठी वाचक चांगले ओळखतात, भा. रा. भागवतांनीं व्हर्नचें वेड आपल्या मुलांना लाविलें तें अजून उतरलेलें नाहीं. हा नीमो मुळांत पोलंडचा व्हावयाचा होता. प्रकाशकाच्या आग्रहावरून त्याचें कूळ झांकून ठेवण्यांत आलें. पुढें ‘गूढ बेट’ ह्या कादंबरींत (१८७५) तो बुंदेलखंडाच्या राजाचा मुलगा, टिपूचा भाचा आणि १८५७ च्या युद्धांत सर्वस्व गमावलेला राजपुत्र डक्कार ठरला. बुंदेलखंड आणि श्रीरंगपट्टण ह्यांची ही सोयरीक कोणत्या भटजीनें जुळविली तें व्हर्नलाच ठाऊक. पण त्याची नजर चुकली नाहीं. ज्याचें राज्य गेलें, ज्याची बायकापोरें गेलीं, तो समुद्राच्या तळाशीं आपलें राज्य स्थापून साम्राज्याचीं जहाजें बुडवूं लागला तर त्यास चांचा म्हणावयाचें काय, हा प्रश्न एका फ्रेंच माणसानें झांशीच्या आसमंतांतला नायक घेऊन विचारला. झांशी, जालौन, सागर हीं ज्यांच्या घरांतलीं नांवें त्या आम्हां मराठी लोकांना तो सुचला नाहीं.

इटालियन लेखक एमिलिओ सालगारी ह्याची गोष्ट ह्याहून मौजेची आहे. आयुष्यांत एड्रियाटिक समुद्रापलीकडे फारसा न गेलेल्या ह्या गृहस्थानें (१८६२–१९११) वाचनालयांत बसून मलायाच्या समुद्रांतील चांच्यांच्या कादंबऱ्यांचा रतीब घातला. त्यांचा नायक सांदोकान हा इंग्रजांनीं राज्य बळकाविलेला बोर्निओचा राजपुत्र. हिंदी नट कबीर बेदी ह्यांनीं १९७६ मध्यें दूरचित्रवाणीवर त्याची भूमिका केल्यावर युरोप वेडा झाला होता. ह्याच मालिकेंत कम्मामुरी नांवाचा एक इमानी सेवक आहे आणि तो मराठा आहे. ‘मलायाचे चांचे’ (१८९६) ह्या कादंबरींत हा कम्मामुरी सारावाकचा गोरा राजा ब्रूक ह्याच्या कैदेंतून धन्यास सोडविण्यासाठीं सांदोकानच्या टोळीस जाऊन मिळतो. कम्मामुरी हें नांव धुळ्यापासून बेळगांवापर्यंत कोणीं आपल्या मुलास ठेविलेलें आमच्या ऐकिवांत नाहीं. तरी इटलींतील लक्षावधि मुलांनीं पाहिलेला पहिला मराठा हा असावा, आणि तो शूर व निष्ठावंत आहे, ह्याबद्दल सालगारीचे आभारच मानले पाहिजेत. एवढें मात्र खरें कीं तो सेवक आहे. सुकाणूं त्याच्या हातीं कोणी देत नाहीं.

‘चांचा’ ह्या शिव्येला आपण काय उत्तर दिलें? आपण वकील झालों. कान्होजी हे छत्रपतींचे सरखेल होते. आपल्या हद्दींतून जाणाऱ्या जहाजानें त्यांचा दस्तक घ्यावा ही त्यांची मागणी कोणत्याहि दर्यावर्दी सत्तेची मागणी होती. १७२१ मध्यें इंग्रज व पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर गेले आणि हात हलवीत परत आले. ही सर्व बाजू आपल्या इतिहासकारांनीं समर्थपणें मांडली. मनोहर माळगांवकरांनीं १९५९ मध्यें कान्होजींचें इंग्रजी चरित्र लिहिलें, त्याचा मराठी अनुवाद पु. ल. देशपांडे ह्यांनीं केला. चरित्र वाचनीय आहे व त्याचा निवाडा योग्य आहे. पण निवाडा म्हणजे कथा नव्हे. आरोपीस निर्दोष सोडवितांना वकील त्याला धुतलेले कपडे घालून न्यायासनापुढें उभा करितो. तसे आमचे आंग्रे झाले आहेत. त्यांच्या अंगाला खाऱ्या पाण्याचा वास येत नाहीं.

इंग्रजांनीं आपल्या ड्रेकचें काय केलें तें पाहावें. स्पॅनिश लोकांच्या लेखीं तो उघड उघड चांचा. एलिझाबेथ राणीनें १५८१ मध्यें त्यास ‘सर’ केलें, आणि चार्ल्स किंग्सलेनें ‘वेस्टवर्ड हो!’ (१८५५) ह्या कादंबरींत त्या सर्व पिढीला आपल्या मुलांचें दैवत केलें. लूट झाली नाहीं असें सिद्ध करण्याच्या भानगडींत किंग्सले पडला नाहीं. लूट झाली, आणि ती आमच्या पोरांनीं अशी अशी केली, असें त्यानें छाती पुढें काढून सांगितलें. त्या कादंबरीचा धर्मद्वेष आम्हांस मुळींच मान्य नाहीं. परंतु कादंबरीकाराला लागणारी बेदरकारी तिच्यांत आहे आणि आमच्यांत ती नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

एक सन्मान्य अपवाद मराठी पुस्तकांत नव्हे तर पडद्यावर सांपडतो, आणि तोहि पुण्यांत. ‘प्रभात’नें १९३६ सालीं ‘अमर ज्योति’ हा हिंदी चित्रपट काढला. व्ही. शांताराम ह्यांचें दिग्दर्शन, आणि दुर्गाबाई खोटे सौदामिनीच्या भूमिकेंत. न्यायासनापुढें ह्या स्त्रीस तिच्या स्वतःच्या मुलावरचा हक्क नाकारला जातो. ती राज्याशीं वैर मांडते व समुद्रावर जाऊन चांच्यांची राणी होते. व्हेनिसच्या चित्रपटमहोत्सवांत तो दाखविला गेला हें सर्व सांगतात. आम्हांस त्यापेक्षां मोलाचें हें वाटतें कीं समुद्रापासून दोन घाट दूर असलेल्या गांवीं ही कल्पना कोणास तरी सुचली. ह्यांत देश काल्पनिक आहे, राज्य काल्पनिक आहे. म्हणूनच प्रश्न खरा राहिला. सौदामिनीला कोणाची सनद दाखवावयाची नव्हती. कायद्यानेंच अन्याय केला तर कायद्याबाहेर जाणारा कोण, असें तिनें विचारलें, आणि त्या काळच्या मध्यमवर्गीय प्रेक्षकांनीं तें ऐकून घेतलें. अद्भुताचा उपयोग तो हा. इतिहासांत जें विचारतांना पुरावा मागितला जातो तें अद्भुतांत सरळ विचारतां येतें.

गो. नी. दांडेकरांच्या ‘दर्याभवानी’चा उल्लेख केल्यावांचून ह्या विषयावर लिहितां येत नाहीं. त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांपैकीं ही समुद्राकडे वळलेली. मावळांत तळेगांवीं राहून ज्यांनीं ‘माचीवरला बुधा’ व ‘पवनाकाठचा धोंडी’ लिहिले, त्यांनीं आरमाराचा विषय घ्यावा हेंच आम्हांस मोठें वाटतें. परंतु दांडेकरांचें मन गडावर रमतें. बुधाच्या राजमाचीवरील प्रत्येक झुडूप लेखकाच्या पायांखालून गेलेलें आहे. समुद्राविषयीं त्यांना भक्ति आहे. आमच्या मतें समुद्रकथेला भक्तीपेक्षां सलगी अधिक लागते.

ही सलगी घाटावरच्या लेखकाला येणारच नाहीं, असें कोणी म्हणेल. आम्ही हें मुळशीच्या अंगानें लिहीत आहों, म्हणून ह्या आक्षेपाचा विचार थोडा सविस्तर करितों. आंग्रे हे मूळचे संकपाळ. मावळांतील आंगरवाडी ह्या गांवावरून त्यांस आंग्रे हें नांव पडलें. म्हणजे ज्याच्या नांवानें मुंबईकर इंग्रजांची झोंप उडाली तें कूळ आमच्यासारख्याच भातखाचरांतलें आणि डोंगरउतारावरचें. १७१४ मध्यें बाळाजी विश्वनाथ व कान्होजी ह्यांचा समेट झाला तोहि लोणावळ्याजवळ, घाटमाथ्यावरच. भूगोलानें तर ह्याहून चमत्कारिक सोय करून ठेविली आहे. मुळा नदीनें पूर्वेस वाहत जावें हा तिचा धर्म. पण मुळशीस धरण झाल्यापासून तिचें पाणी पश्चिमेस वळवून सह्याद्रीखालीं भिरा येथील वीजघरांत सोडलें जातें, तेथून तें कुंडलिकेस मिळतें आणि रोह्यावरून रेवदंडा व कोर्लई ह्यांच्यामधून समुद्रांत जातें. ताम्हिणीवर पडलेला पाऊस आज थेट आंग्र्यांच्या मुलखांत पोंचतो. ह्याच धरणापायीं १९२१ ते १९२४ पर्यंत येथें सत्याग्रह झाला, जमिनी पाण्याखालीं गेल्या, आणि सेनापति बापट तुरुंगांत गेले. बुडणाऱ्या शेतासाठीं धरणें धरणारा गुन्हेगार आणि शेत बुडविणारा कायदेशीर, हा अनुभव ज्या खोऱ्यानें घेतला त्याला चांच्याच्या कथेंतील पेंच समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

उणीव असेल तर ती शब्दांची आहे, आणि ती खरी उणीव आहे. आमच्या कादंबऱ्यांत समुद्र ‘खवळतो’, लाटा ‘उसळतात’, जहाज ‘हेलकावे खातें’. एवढ्या तीन क्रियापदांवर आम्ही अरबी समुद्र ओलांडतों. गुराब आणि गलबत ह्यांतला फरक लेखकालाच ठाऊक नसला तर वाचकाला लढाई दिसणार कशी? गुराबेच्या नाळेवरच्या तोफा पुढें मारा करितात, उथळ पाण्यांत गलबतें वल्ह्यांवर चालतात, वारा पडला म्हणजे इंग्रजांचें उंच जहाज जागच्या जागीं खिळतें व मग आंग्र्यांचीं गलबतें त्याच्या पिछाडीस येतात. ह्या साध्या कारणांत आंग्र्यांचें निम्मे युद्धशास्त्र आहे. परबाण, डोलकाठी, शीड, नाखवा, सारंग, तांडेल, उधाणाची भरती आणि भांगाची भरती, पहांटेचा मतलई वारा, हे शब्द आजहि किनाऱ्यावर बोलले जातात. ते आणावयास लंडनच्या दप्तरखान्यांत जावें लागत नाहीं; रेवदंड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरावर आठ दिवस बसावें लागतें.

अलीकडे पाश्चात्यांनीं ह्या प्रकाराला अद्भुताची नवी जोड दिली आहे. टिम पॉवर्स ह्यांच्या ‘ऑन स्ट्रेंजर टाइड्स’ (१९८७) ह्या कादंबरींत ऐतिहासिक चांचा ब्लॅकबिअर्ड हा मंत्रतंत्राच्या आहारीं गेलेला आहे. रॉबिन हॉब ह्या लेखिकेच्या १९९८ ते २००० ह्या काळांतील तीन कादंबऱ्यांत तर जहाजेंच सजीव होतात. एका कुटुंबाच्या तीन पिढ्या जहाजावर मरण पावल्या म्हणजे त्याच्या नाळेवरची मूर्ति डोळे उघडते व बोलूं लागते. पहिली कादंबरी आम्हांस निव्वळ करामत वाटली. तींत घटना फार आणि माणसें थोडीं. हॉबबाईंची कल्पना मात्र थोर आहे, आणि गंमत अशी कीं ती वाचतांना आम्हांस परकी वाटली नाहीं. नारळी पौर्णिमेस जो कोळी आपल्या होडीस हळदकुंकू लावतो तो लांकडाची पूजा करीत नसतो. बापानें आणि आजानें जिच्यावर जन्म काढला ती होडी त्याच्या घरचें माणूस असते. मराठी लेखकाला ह्या ठिकाणीं कांहीं शोधून काढावयाचें नाहीं. दारांत उभें आहे त्यास आंत बोलवावयाचें आहे.

विषयाची उणीव तर नाहींच. १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गावर जें झालें तेवढेंच पाहावें. तुळाजी आंग्र्यांचा बंदोबस्त करण्यासाठीं पेशव्यांनीं इंग्रजांस मदतीस बोलाविलें. वॉटसनचें आरमार खाडीच्या तोंडाशीं, क्लाइव्ह त्याच्या बरोबर, आणि जमिनीवर पेशव्यांची फौज. तुळाजी तहाचें बोलणें करण्यास मराठ्यांच्या छावणींत गेलेले. किल्ल्यांत धनी नाहीं. इंग्रजांचा एक तोफगोळा आंग्र्यांच्या ताब्यांतील ‘रेस्टोरेशन’ जहाजावर पडला. हें जहाज मूळ इंग्रजांकडूनच घेतलेलें. तें पेटलें, आणि जवळ जवळ नांगरून ठेविलेल्या गुराबा व गलबतें एकामागून एक पेटत जाऊन कान्होजींच्या वेळेपासून उभें केलेलें आरमार जळून गेलें. किल्ला इंग्रजांनीं घेतला, पेशव्यांच्या लोकांस बाहेर ठेविलें, आंत सांपडलेली सुमारें दहा लाखांची लूट आपसांत वांटून घेतली. वांटणीचे हिस्से मुंबईस निघण्यापूर्वींच ठरलेले होते. चांच्यांच्या जहाजावर ते असेच ठरतात.

ह्या प्रसंगांत नायक कोण तें सांगणें सोपें नाहीं. तुळाजी क्रूर होते, पेशव्यांना आपली गरज होती, आणि इंग्रजांनीं तर आपला हिशेब चोख ठेविला. पण आगीच्या त्या रात्रीं एकाद्या गुराबेवर कोणी तांडेल असेल. बाप कान्होजींच्या चाकरींत गेलेला, आणि ज्यांच्या विरुद्ध लढावयाचें तें निशाण भगवेंच आहे हें किनाऱ्याकडे पाहून ज्याला कळत असेल. नांगर तोडून तो खुल्या समुद्राकडे निघाला, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो कोणाचा चाकर आणि कोणाचा चांचा? त्याच्या गलबतावर बसून लिहिलेली कादंबरी आम्हांस वाचावयाची आहे.